लसणाचा काढा पिऊन स्टेंटच्या गोळ्या सोडू नका

एक मेसेज फिरतोय: लिंबू, आलं, लसूण यांचा रस आणि ॲपल सायडर व्हिनेगर एकेक कप घ्यायचं, तीन कप उरेपर्यंत आटवायचं, गार झाल्यावर मध घालायचा. रोज उपाशीपोटी तीन चमचे घेतले की महिन्यात ब्लॉकेज साफ. स्टेंट हा निव्वळ धंदा, तो आत सरकतो, गोळ्यांनी किडनी जाते, म्हणून त्या बंद करा. हा मेसेज शेजारच्या काकांपर्यंत पोचलाय. हार्ट ॲटॅकनंतर स्टेंट बसवून त्यांना चारच महिने झालेत आणि ते विचारताहेत, गोळ्या सोडू का?

अजिबात नाही. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, बहुतेक कोबाल्ट-क्रोमियमची. तिच्यावरच्या औषधामुळे आत पुन्हा पेशी माजत नाहीत, पण त्याच औषधामुळे जाळीवर नवं अस्तर चढायलाही वेळ लागतो. तोवर धातू रक्ताला उघडाच असतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (किंवा टिकाग्रेलॉर) त्यावर प्लेटलेट (गुठळी धरणाऱ्या रक्तकणिका) चिकटू देत नाहीत. गोळ्या सोडल्या की काही दिवसांत त्यांचा असर उतरतो, गुठळी धरू शकते आणि रक्तवाहिनी एकदम बंद होऊ शकते. ॲटॅकनंतर ही जोडी साधारण 12 महिने चालते, पुढे बहुतेकांना एक गोळी कायम. दात काढायचा असला तरी स्वतःहून बंद करू नका, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिनने किडनी जात नाही. अँजिओग्राफीच्या डायचा (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचलेल्या द्रवाचा) त्रास आधीच कमजोर असलेल्या किडनीला होऊ शकतो, म्हणून तर आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कळणारी रक्ततपासणी) तपासतात.

आता काढा. चरबी आणि कॅल्शियमचा थर नळातल्या गाळासारखा आतून चिकटलेला नसतो, तो रक्तवाहिनीच्या भिंतीत, अस्तराखाली असतो. धुऊन जाईल कसा? कोलेस्टेरॉल कमी करणारं रोसुव्हास्टॅटिन रोज 40 मिलिग्रॅम असं दोन वर्षं देऊन 2006 मध्ये मोजमाप झालं, तेव्हा भिंतीतला थर जेमतेम एका टक्क्याच्या आसपास घटला होता. आणि म्हणे महिन्यात साफ!

स्टेंट सरकत नाही. बसवताना आतला फुगा 10 ते 16 ॲटमॉस्फिअर (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तितक्या पट) दाबाने तो भिंतीत रुतवतो.

‘धंदा’ या शब्दात मात्र तथ्य आहे, मानावंच लागतं. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने औषधी स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली, त्याआधी तोच लाखाच्या वर विकला जाई. ‘इस्केमिया’ चाचणीत 5,179 रुग्ण होते. ॲटॅक नसलेल्या, स्थिर आजाराच्या या लोकांत सरसकट अँजिओग्राफी, स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू कमी झाले नाहीत, छातीतलं दुखणं तेवढं कमी झालं. तेव्हा चालताना दम लागतो एवढ्यावर कोणी ‘आजच टाका’ म्हणालं, तर जरूर विचारा: औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन पाहिलीत का? एफएफआर (ब्लॉकेजच्या पुढचा आणि आधीचा रक्तदाब यांचं गुणोत्तर) मोजलं का? ते 0.80 पेक्षा जास्त आलं, तर सहसा त्या जागी स्टेंट लागत नाही.

पण काकांचा प्रश्न वेगळा. त्या चाचणीत ताज्या ॲटॅकचे रुग्ण घेतलेच नव्हते. ॲटॅकमध्ये रक्तवाहिनी पूर्ण बंद असेल तर अर्ध्या तासाच्या आतच स्नायू मरायला लागतो. म्हणून दहा मिनिटांत ईसीजी आणि कॅथलॅब (अँजिओग्राफी आणि स्टेंट करायची खोली) असलेल्या रुग्णालयात पोचल्यापासून 90 मिनिटांत फुग्याने रक्तवाहिनी उघडायची. कॅथलॅब दोन तासांपेक्षा लांब असेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज लगेच द्यायचं आणि मग पुढे हलवायचं.