जखम भरली, पण बोट वाकत नाही

संक्रांत जवळ आली की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: हात कापला तर कोणताही सर्जन टाके घालतो, ‘हॅन्ड सर्जन’ हे बिल वाढवायचं नाटक आहे. तुटलेलं बोट थेट बर्फात टाका. ऑपरेशननंतर महिनाभर हात हलवू नका. मी आधी जनरल सर्जरी केली, मग हाताकडे वळलो, म्हणून लिहितोय.

‘कोणताही सर्जन’ यातलं अर्धं खरं आहे. रात्री दोनला फुटलेलं आतडं शिवणारा जनरल सर्जन कुणाहून कमी नाही, आणि साधी जखम तो उत्तम शिवतो. पण एमएस या पदव्युत्तर पदवीची 3 वर्षं ॲपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय यांतच सरतात. हातात 27 हाडं, आणि बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली असतात, तिथून स्नायूंची टोकं, म्हणजे टेंडन, दोऱ्यांसारखी बोटांपर्यंत येतात. त्यासाठी कुणी प्लास्टिक सर्जरीचं आणखी 3 वर्षांचं एमसीएच ही पदवी करतो, कुणी ऑर्थोपेडिक्समधून (हाडांच्या शस्त्रक्रियेतून) येतो, वर हाताची फेलोशिप, म्हणजे खास हाताचं प्रशिक्षण. बोटातली जेमतेम 1 मिलिमीटरची रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवायची असते.

‘नुसते टाकेच तर आहेत’ हे वाक्य सगळ्यात घातक. बंदी असूनही नायलॉन मांजा मिळतोच. त्याने तर्जनी कापलेल्या सहा वर्षांच्या पोराला बाप दहा दिवसांनी घेऊन आला. टाके दुसरीकडे घातलेले, सुबक. “डॉक्टरसाहेब, जखम तर भरली, पण बोट वाकूनच नाही रायलं.” पोराचा हात सैल सोडला तर बाकीची बोटं आपोआप किंचित मुडपलेली, हे एकटं सरळ. टेंडन कापलेला. बधिर आहे का, हे त्या वयाचं मूल धड सांगत नाही. मग हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायला लावला. बाकीची बोटं सुरकुतली, तर्जनीची एक बाजू गुळगुळीतच राहिली. नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू, शाबूत असेल तरच कातडी अशी सुरकुतते. म्हणजे तिथली नसही तुटलेली. कातडी शिवण्याआधी दोन मिनिटं तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

बर्फाचं म्हणाल, तर तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट लागला की पेशी गोठून मरतात. नीट थंड ठेवलेलं बोट बराच वेळ टिकतं. मनगटावर तुटलेला हात मात्र घाईचा, कारण स्नायू थंड न ठेवता सहा तासांपुढे सहसा वाचत नाहीत. सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये चिरडलेलं बोट जोडता येईलच असं नाही. कधी न जोडणंच बरं असतं. ताठ राहिलेलं एक बोट उरलेल्या तिघांच्या आड येतं. अंगठ्यासाठी मात्र शेवटपर्यंत झगडायचं.

राहिलं ‘महिनाभर हलवू नका’. मोठ्या माणसाचा टेंडन शिवून हात तसाच बांधून ठेवला तर तो आजूबाजूला चिकटतो. म्हणून स्प्लिंट लावून थोड्याच दिवसांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हालचाल सुरू होते. मनाने जोर लावला तर तुटतोही. लहान मुलं ऐकत नाहीत, त्यांना आम्हीच तीन-चार आठवडे प्लास्टर घालतो. तेवढ्यापुरता मेसेज चुकून बरोबर.

त्या पोराचा टेंडन आणि नस शिवून तसंच प्लास्टर घातलं. शिवलेली नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते. तान्हा पोळ्याच्या सुमारास तो आला तेव्हा बोटाचं टोक अजून पुरतं वाकत नव्हतं, पण पाण्यातून काढलं तर दोन्ही बाजूंनी सुरकुतलेलं होतं.