वसंतात तळ्यावर गळ टाकणं हा गुन्हा नाही

एप्रिल लागला की इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. सोबत फोटो: तळ्याकाठी हिरवी छत्री, दोन गळ आणि खुर्चीत बसलेला माणूस. मजकूर थोडक्यात असा: "इथे 15 मार्च ते 15 जून मासेमारीला कायद्याने बंदी आहे, कारण मासे गाभोळीवर (पोटात अंडी घेऊन) असतात. तरी हे लोक तळ्यांवर राजरोस बसतात. गाभोळीचा मासा धरला की तळं ओस पडतं. पकडून सोडतो म्हणतात, पण सोडलेला मासा तासाभरात मरतोच. वर पाण्यात शिसं टाकून हंसांना विष घालतात. मासा धरायचाच तर निदान घरी नेऊन खावा. असा माणूस दिसला तर पोलिसांना कळवा."

मी मिल्टन कीन्सला राहतो आणि वसंतात इथल्या तळ्यांवर गरवायला बसतो, त्यामुळे हा मजकूर मला दर वर्षी कोणी ना कोणी पाठवतंच. लिहिणाऱ्याची माशांबद्दलची कळकळ खरी आहे असं मी धरून चालतो. पण त्यातली बहुतेक विधानं चुकीची आहेत, आणि खाण्याचा सल्ला पाळला तर पाळणाराच अडचणीत येईल.

"15 मार्च ते 15 जून बंदी आहे."

आहे, पण नद्यांवर. इंग्लंडमधल्या नद्या, ओढे यांत रोच, ब्रीम, चब, बार्बेल, टेंच अशा माशांसाठी या तीन महिन्यांत गळ टाकता येत नाही आणि 16 जूनला हंगाम उघडतो. ही बंदी 1878 च्या कायद्याने आली. शेफिल्डचे खासदार ए. जे. मुंडेला यांनी तो पुढे नेला होता, म्हणून त्याला मुंडेला कायदाच म्हणत. तेव्हा ती तळ्यांनाही लागू होती. पुढे 1995 मध्ये बहुतेक तळ्यांवरून ती उठवली आणि 2000 मध्ये बहुतेक कालव्यांवरूनही. नद्यांवर मात्र ती राहिली, आणि राहावी असंच माझं मत आहे. नदीतला मासा अंडी घालायला ठरावीक उथळ, खडीच्या जागी गोळा होतो. तिथे त्याला गाठणं फार सोपं असतं.

अपवाद आहेत. नॉरफक आणि सफकमधल्या ब्रॉड्सवर, म्हणजे तिथल्या उथळ तळ्या-नद्यांच्या जाळ्यावर, बंदी आजही चालते, आणि निसर्गदृष्ट्या खास संरक्षण दिलेल्या काही तळ्यांवरही. शिवाय तळ्याचा मालक किंवा क्लब स्वतःची बंदी ठेवू शकतो आणि ती पाळावीच लागते. म्हणून नव्या तळ्यावर जाण्याआधी फलक वाचावा, क्लबचे नियम बघावेत. पण फोटोतला माणूस साध्या तळ्यावर परवाना आणि तिकीट घेऊन बसला असेल, तर तो कोणताही कायदा मोडत नाही. स्कॉटलंडमध्ये तर या माशांसाठी अशी बंदी नाहीच.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी असते. म्हणून कोणी असं म्हणत नाही की जूनमध्ये शेततळ्यातला रोहू काढणारा गुन्हेगार आहे.

"मासे गाभोळीवर असतात. धरले की तळं ओस पडतं."

मजकुरातला सगळ्यात मनाला भिडणारा मुद्दा हा आहे आणि त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. कोकणात पहिल्या पावसाला चढणीचे मासे वर येतात. ओढ्यातून, पऱ्यातून, भाताच्या खाचरात. पोट गाभोळीने फुगलेलं असतं. लोक बत्ती आणि कोयता घेऊन रात्री निघतात आणि टोपलीभर मासे घरी येतात. अंडी पडायच्या आधीच पिढी कापली जाते. ज्याने हे लहानपणी पाहिलंय त्याला गाभोळीवरच्या माशाला हात लावणं पाप वाटणारच, आणि चढणीच्या माशांबाबत ते बरोबरच आहे.

इंग्लंडच्या तळ्यावर चित्र वेगळं असतं. पहिलं म्हणजे मासा तारीख बघून अंडी घालत नाही, पाण्याचं तापमान बघून घालतो. पाइकचं मार्च-एप्रिलमध्ये, पाणी अजून गार असतानाच उरकतं. पर्च आणि रोच साधारण एप्रिल-मेमध्ये. ब्रीमला पाणी पंधराएक अंशांवर जावं लागतं. टेंच आणि कार्प सगळ्यांत मागे: अठराच्या आसपास किंवा वर, म्हणजे मे अखेर, जून, गार वर्षी जुलैसुद्धा. आता 15 जूनची रेघ यावर ठेवून बघा. जुन्या काळी सगळीकडे बंदी होती तेव्हा 16 जूनच्या पहाटे लोक वर्षभराच्या उत्साहाने तळ्यावर तुटून पडत, आणि गळाला लागायच्या त्या पोट टम्म फुगलेल्या टेंच माद्या. ज्या माशासाठी सगळ्यात जास्त लोक त्या दिवसाची वाट बघत, त्यालाच ती तारीख राखत नव्हती.

दुसरं, वसंतातले बहुतेक आठवडे माशाच्या खाण्याचे असतात. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर असताना त्याचं पचन मंदावतं आणि तो जेमतेम खातो. एप्रिलमध्ये ऊन लागलं की उथळ कडा आधी तापते. नैर्ऋत्येचा उबदार वारा दोन दिवस टिकला तर वरचं कोमट पाणी ईशान्येच्या काठाकडे ढकललं जातं आणि मासेही तिकडे सरकतात. तोच वारा फिरून ईशान्येचा झाला की तिथेच दिवसभर बुडी, म्हणजे दोरीवरची तरंगती खूण, हलत नाही. मी दोरीला बांधलेलं थर्मामीटर पाण्यात सोडून बघतो आणि मगच कुठे बसायचं ते ठरवतो. प्रत्यक्ष अंडी घालण्याचे दिवस एका तळ्यात, एका जातीचे, थोडेच असतात. त्या दिवसांत मासा आमिषाकडे फारसा बघतही नाही.

टेंच खायला आली की ते कसं दिसतं सांगतो, कारण यातच फरक कळतो. पहाटे लिलीच्या पानांच्या कडेला बारीक बुडबुड्यांचा फेस उठतो, मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे, शेकड्यांनी. टेंच तळाचा गाळ चाळतेय. तिथे मक्याचा एक दाणा तळाला टेकवायचा, गळापासून दोन-तीन इंचांवर एक जड मणी आणि वर मोरपिसाच्या काडीची बुडी. मासा दाणा उचलताना मणीही उचलतो, म्हणून बुडी खाली जायच्या ऐवजी वर येते आणि आडवी पडते. तेव्हाच हिसका द्यायचा. हा पोट भरणाऱ्या माशाचा चावा आहे.

अंडी घालणारे मासे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. बोरूच्या बेटात, बुडालेल्या फांद्यांत भर दिवसा धडपड चालते, पाणी उसळतं, दोन-तीन नर एका मादीच्या मागे लागून पाठ पाण्याबाहेर काढतात. हे दिसलं की गळ गुंडाळायचा. इथे मजकुराशी माझं पूर्ण एकमत आहे. बरेच क्लब अशा वेळी तळ्याचा तो भाग किंवा सगळं तळंच काही दिवस बंद करतात. एखाद्या क्लबने तसं केलं नाही तरी आपण उठावं. त्या धडपडीच्या शेजारी आमिष टाकून बसणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

आणि "तळं ओस पडतं" याबद्दल: मोठी कार्प मादी एका हंगामात लाखोंनी अंडी टाकते. त्यातली बहुतेक अंडी आणि पिल्लं पर्च, रोच, पाणकिडे, बदकं यांच्या पोटात जातात. आधीच्या हंगामातून काय वाचलं, उन्हाळा किती उबदार गेला, पिल्लांना लपायला पाणवनस्पती आहेत का, यावर तळ्याचं भवितव्य ठरतं. परत सोडलेल्या मादीची अंडी तिच्या पोटातच असतात.

"सोडलेला मासा मरतोच."

मासा गळाला लागताना त्याला काही होत नाही असं मी म्हणणार नाही. ट्राउटच्या ओठांभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असतात हे लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं. ते वाचून काही लोकांनी गळ ठेवून दिला असेल तर त्यांचा निर्णय मला कळतो. नेदरलँड्समध्ये बोइकेमा यांनी 1970 च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत एकदा गळाला लागलेली कार्प पुढे बराच काळ गळ टाळताना दिसली, म्हणजे "माशाला तीन सेकंदच आठवतं" ही आपल्या बाजूचे, म्हणजे गरवणारे लोक सांगतात ती सबबही खोटी. पण मेलेला मासा काही शिकत नाही. टाळायला तो जगलेला असावा लागतो.

सोडलेले मासे किती जगतात याचे पुरावे इंग्लंडमध्ये नावानिशी आहेत. रिचर्ड वॉकर यांनी 13 सप्टेंबर 1952 ला हेरफर्डशरमधल्या रेडमायर पूलमध्ये 44 पौंडांची कार्प धरली. गळाला लागून, पोत्यात राहून, लंडनला नेली जाऊनही ती लंडन झूच्या मत्स्यालयात 1971 पर्यंत जगली. केंटमधल्या कॉनिंगब्रुक तळ्यातली 'टू-टोन' नावाची कार्प वेगवेगळ्या लोकांनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा धरली आणि सोडली. 2008 मध्ये ती 67 पौंड 14 औंसांची भरली आणि तो ब्रिटनचा विक्रम ठरला. 2010 मध्ये ती गेली, म्हातारी होऊन.

मासा मरतो तो बहुतेक वेळा हाताळणीने. कोरड्या हातात धरला, गवतावर किंवा खडीवर ठेवला, फोटोसाठी छातीशी कवटाळला, गळ घशात गेला आणि ओढून काढला, की अंगावरचा चिकट थर जातो, कल्ले फाटतात, बुरशी धरते. म्हणून उलटा काटा नसलेला गळ, मासा ठेवायला ओली गादी, ओले हात. गळ खोल गेला तर डिसगॉर्जरने, म्हणजे खाच असलेल्या बारीक काडीने, मागे ढकलून सोडवायचा. मग मासा पाण्यात सरळ धरायचा. कल्ले नीट उघडझाप करायला लागले आणि शेपटीने जोर दिला की हात काढायचा. हे शिकायला एक सकाळ पुरते. जो शिकत नाही त्याच्यावर मजकुरातला राग काढलात तर माझी हरकत नाही.

"शिशाने हंस मरतात."

मरत होते, आणि फार मरत होते. म्हणूनच 1987 मध्ये 0.06 ग्रॅमपेक्षा जड आणि 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. हंस खडे समजून गिळत ते याच मापाचे मणी. आज दुकानात मिळतात ते टंगस्टनचे किंवा इतर धातूंचे. तळ्यावर आता खरा धोका आहे टाकून दिलेल्या नायलॉनच्या दोऱ्याचा. वसंतात कूट, हंस, ग्रीब घरटी बांधत असतात आणि वीतभर दोराही पिल्लाच्या पायाला पुरतो. मजकुरात हे असतं तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

"घरी नेऊन खावा."

हा सल्ला कृपा करून पाळू नका. इथल्या तळ्यातला मासा मालकाचा किंवा क्लबचा असतो. परवानगीशिवाय तो नेणं हा 1968 च्या चोरीविषयक कायद्याखाली गुन्हा आहे. सायप्रिनस, म्हणजे हीच कार्प, मंडईत किलोवर मिळतो अशी आपली सवय असते, पण इथल्या तळ्यातली पंचवीस वर्षांची कार्प क्लबने वर्गणीतून वाढवलेली असते आणि तिच्या अंगावरच्या खवल्यांवरून लोक तिला ओळखतात.

गळ टाकायला 13 किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा, परवाना लागतो. 13 ते 16 वयाला तो फुकट आहे, पण काढावाच लागतो. नसला तर 2,500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि परवाना काढला म्हणजे कुठेही बसता येतं असं नाही, तळ्याचं तिकीट वेगळं.

जिवंत मासा एका तळ्यातून दुसऱ्यात किंवा बागेतल्या हौदात सोडणं त्याहून वाईट. कोई हर्पिस विषाणू पाणी 16 अंशांच्या वर गेलं की उसळतो आणि तळ्यातल्या बहुतेक कार्प मारू शकतो. 2010 मध्ये ग्रॅफम वॉटरमध्ये सापडलेली परदेशी 'किलर' कोळंबी ओल्या जाळ्यांतून आणि बुटांतून पसरू नये म्हणूनच सामान तपासा, धुवा, वाळवा ही मोहीम इथे चालते. दोन तळ्यांवर लागोपाठ जाणार असाल तर जाळं उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय नेऊ नका.

"पोलिसांना कळवा."

छत्रीखाली शांत बसलेल्या माणसासाठी पोलिसांना फोन करू नका. रात्री जाळं लावून पिशव्या भरणारे दिसले, पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसले, किंवा काठाला मेलेले मासे लागलेले दिसले, तर मात्र लगेच एन्व्हायर्न्मेंट एजन्सीला 0800 80 70 60 वर कळवा. हा नंबर चोवीस तास चालतो. तळ्याचं नाव, कोणता काठ, किती मासे आणि पाण्याचा रंग किंवा वास एवढं सांगता आलं तर त्यांचं काम लवकर होतं.