‘जुनी टर्बो गाडी फक्त कंपनीतच न्या’: या सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या वेगवान गाड्यांच्या मालकांमध्ये एक सल्ला फार फिरतो: टर्बो गाडी (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारी यंत्रणा असलेली) बाहेरच्या मेकॅनिककडे गेली की तिची वाट लागलीच म्हणून समजा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रशिक्षित माणसे असतात, स्कॅनर (गाडीच्या संगणकातले कोड वाचणारे यंत्र) लावताच दोष कळतो आणि अस्सल पार्ट फक्त तिथेच मिळतात. २००४ साली भारतात आलेली, १.८ लिटर टर्बो इंजिनाची, १५० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस समोर ठेवून हा सल्ला तपासला, तर त्यातले फारसे काही टिकत नाही.

प्रशिक्षण असते, पण ते आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे असते. आज बॉनेट उघडणारा मुलगा ही गाडी शोरूममध्ये होती तेव्हा शाळेत असण्याचीच शक्यता अधिक. ज्यांनी ती नवी असताना हाताळली, त्यांतल्या अनेकांनी केव्हाच नोकरी सोडून स्वतःचे गॅरेज थाटले आहे.

स्कॅनरचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. स्कॅनर दोष सांगत नाही, लक्षण सांगतो. समजा पी०१७१ हा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. कोड वाचून थेट हवामापक सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत, आणि आठवड्याने डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पुन्हा लागतो. जाणकार माणूस त्याच स्कॅनरवर ०३२ क्रमांकाचा मेझरिंग ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे आकडे दाखवणारा तक्ता, उघडतो. संगणकाने पेट्रोलच्या मात्रेत केलेली भर त्यात दिसते: पहिल्या रकान्यातली, म्हणजे आयडलवरची (गाडी उभी, इंजिन चालू असतानाची), भर बरीच वाढलेली आणि दुसऱ्यातली, म्हणजे गाडी चालवतानाची, जवळपास ठीक असेल, तर त्याचा संशय इनटेक मॅनिफोल्डखालच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखालच्या) चिरलेल्या रबरी होजवर जातो आणि धूर सोडून तो गळती डोळ्यांना दाखवतो. दुसरा रकाना चढलेला असेल, तरच सेन्सर किंवा पेट्रोल पंपाकडे वळण्यात अर्थ आहे. काही शेकड्यांची होज आणि काही हजारांचा सेन्सर यांतला फरक यंत्राने नव्हे, ते वाचणाऱ्याने पडतो.

अस्सल पार्टचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बाजारात नकली माल आहे, हे मान्य. पण या गाडीचा हवामापक सेन्सर मुळात बॉशचा, आणि तोच बॉशच्या खोक्यातही मिळतो. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढणारा आणि पक्के बिल देणारा मेकॅनिक असेल, तर खोक्यावर कोणाचा शिक्का आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

चावी कोड करणे (नवी चावी गाडीच्या संगणकाला ओळखवणे) किंवा कंपनीने जाहीर केलेला रिकॉल (सदोष भाग बदलण्यासाठी गाड्या परत बोलावणे), या कामांसाठी मात्र कंपनीतच जावे. तेवढ्यापुरता हा सल्ला योग्य आहे.

उरलेल्या कामांसाठी माणूस पारखायचा असेल, तर त्याला टायमिंग बेल्टविषयी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवणाऱ्या रबरी पट्ट्याविषयी, विचारावे. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून जाणता मेकॅनिक आधी बेल्ट शेवटचा कोणत्या साली बदलला हे विचारतो, कारण रबर न चालवताही म्हातारे होते. मग टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलायला सांगतो आणि काढलेले जुने भाग न मागता हातात ठेवतो. नुसते किलोमीटर पाहून ‘अजून चालेल’ म्हणणाऱ्याकडे, मग तो रस्त्याकडेचा असो की काचेच्या केबिनमधला, गाडी सोडू नये.