बॉनेटखालचा उंदीर

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाचं लक्ष रस्त्यावर कमी आणि टेंपरेचरच्या काट्यावर जास्त असतं. आमच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा काटा सपाटीवर गुणी मुलासारखा निम्म्यावर बसतो, पण खंबाटकी घाट लागला की उठून चालू पडतो. यंदा त्याच्या जोडीला बॅटरीचा लाल दिवा पेटला. शिवाय पुढून चीं चीं असा आवाज.

"अरे, बॉनेटमध्ये उंदीर शिरलाय," मागून आत्या म्हणाली. तिच्याकडे कोण लक्ष देतो!

इंजिन तापलं की हीटर पूर्ण सोडावा, तेवढीच उष्णता आत निघून येते. शास्त्र पक्कं आहे. पण मे महिन्यात, लग्नाला निघालेल्या पैठण्यांना ते पटवून देणं अवघड. "अहो, आम्हाला शिजवायचं ठरवलंयत का?" एवढं बोलून सौ. साताऱ्यापर्यंत गप्प.

मग तज्ज्ञ सुरू झाले. रेडिएटरवाला म्हणाला, "जाम आहे, नळ्यांत सळ्या घालून रॉडिंग करावं लागेल." केलं. दिव्याचं काय? "ते इलेक्ट्रिशियनकडे." इलेक्ट्रिशियनने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उतरवला, कार्बन बदलले, कटआऊट बदलला, सगळं होतं तसं चढवलं. काट्याचं काय? "पाण्याचं काम आपण करत नाही." तिसऱ्याने तर थर्मोस्टॅटच काढून टाकला. "आपल्या हवेत लागतो कुठे?" इंजिन ८०-८५ अंशांपर्यंत तापेस्तोवर पाण्याला रेडिएटरची वाट अडवून धरायची, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. तरी गाडी तापली की पहिला बळी त्याचा.

मी मल्टिमीटर आणला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. आमचे हेडलाइट लावताच १२च्या खाली. हा आकडा मी भेटेल त्या मेकॅनिकला ऐकवायचो. एकालाही तो आवडला नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आत्यानेच दम भरला, "बाकीचं राहू द्या, आधी उंदीर काढा." मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन बंद करायला लावलं आणि फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला. सेंटिमीटरभर दबावा तो दोरीवरच्या ओल्या धोतरासारखा खाली गेला. झिजून गुळगुळीत, चकचकीत झालेला. वॉटर पंप आणि अल्टरनेटर, दोघांचा संसार याच एका पट्ट्यावर. तो घसरला की पाणीही फिरत नाही, चार्जिंगही होत नाही आणि वर ओरडतो तोच. पाणीवाला आणि वीजवाला दोघांनीही त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं, कारण तो धड कुणाच्याच खात्यात नव्हता.

"आजी, उंदीर नाही हो, पट्टा आहे."

"तुम्ही बॉनेट उघडेपर्यंत थांबेल होय तो?"

नवा पट्टा बसला. चीं चीं थांबली, दिवा विझला आणि काटा इतका खाली राहू लागला की मीच त्याला टिचकी मारून बघतो. डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो. भल्या पहाटे, कुडकुडत, मोठ्या विश्वासाने हीटर लावला. थर्मोस्टॅट नाही, त्यामुळे इंजिनच तापेना. गार वारा थेट सौ.च्या तोंडावर.

"मे महिन्यात बरा चालायचा," ती म्हणाली.