विश्वास आहे म्हणून गोळ्या सोडायच्या?

‘नैराश्य ही विश्वास कमी पडल्याची खूण आहे. खरा ख्रिस्ती माणूस मनाच्या आजाराच्या गोळ्या घेत नाही. प्रार्थना करा आणि आजच गोळ्या बंद करा.’ हा मेसेज चर्चच्या मंडळ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने खरंच गोळ्या बंद केल्या.

सगळ्यात घातक तेच आहे. या गोळ्या एकदम तोडल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, जीव घाबरा होणं असे त्रास होऊ शकतात. मूळ आजारही उलटू शकतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, हळूहळू. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही. उलट बजावलंय, ‘त्रास झाला तर सैतान झगडतोय, डगमगू नका.’ म्हणजे ज्या क्षणी माणसाने मदत मागायची, त्याच क्षणी त्याला गप्प करायचं. आणि हे प्रभूच्या नावाने!

विश्वास कमी म्हणता? बायबलमधल्या पहिल्या राजे पुस्तकाचा १९वा अध्याय उघडा. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला ज्याने पाहिला, तोच संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीनंतर रानात झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला दटावत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून खाऊ घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. येशूचं रूप तेजस्वी झालं त्या रूपांतराच्या डोंगरावर त्याच्याशी बोलताना दिसला तो हाच एलीया.

‘आजार पापामुळे येतो’ याला योहान ९:३ पुरेसं आहे: जन्मांध माणसाबद्दल येशू म्हणतो, याने पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. ‘शास्त्रात औषध नाही’ म्हणे! हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरं बांधायला यशया संदेष्ट्यानेच सांगितलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. आपल्या मिरजेत १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल उभं करणारे डॉ. वानलेस प्रार्थनाही करत आणि शस्त्रक्रियाही.

याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करून घ्या असं आहे, हे मान्य. प्रार्थनेने मावशीला धीर येतो, हेही खरं. पण वैद्याकडे जाऊ नका, असं याकोबाने कुठे लिहिलंय?

मेसेज वाचून ज्यांनी गोळ्या थांबवल्या असतील, त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना कळवा. जीव नकोसा झाला असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो. आणि पाळकांनो, येत्या रविवारी उपासनेत हे स्पष्ट सांगा.