समासातला मास्तर

खून लंडनच्या लॉर्डचा. तोही भर मेजवानीत, सूप संपून मासा यायच्या आत. या गृहस्थानं इजिप्तहून ममी आणलेली, म्हणजे शाप आलाच. एक प्रकरण लंडनच्या हवेलीत, तर पुढचं थेट तीन हजार वर्षांपूर्वीच्या नाईलकाठी. आपण कृष्णाकाठी. आयर्विन पुलावरून येणारा वारा, हाताशी भडंगाची पुडी आणि वाचनालयाच्या शिक्क्यांनी जांभळं झालेलं पुस्तक. रविवार सार्थकी लागणार होता.

पान ३४. बटलरवर संशय नुकता कुठं बसतोय, तोच समासात पेन्सिलीनं वळणदार अक्षर: 'हा नव्हे.'

पान ५२, पुतण्या. 'हाही नव्हे.'

अक्षर निवृत्त मास्तरांचंच; ऱ्हस्व-दीर्घसुद्धा जागच्या जागी. मी समास बोटानं झाकून वाचायला लागलो. पण बोट भडंगाचं. तेल उतरून कागद आरपार झाला आणि मागच्या पानावरचं 'बाईंवर लक्ष असू द्यावे' उलट्या अक्षरांत दिसायला लागलं.

शापाच्या प्रकरणात तर मास्तरांनी तासच घेतला होता. 'तूतनखामेनची कबर सापडली नोव्हेंबर १९२२. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन वारले कैरोत, ५ एप्रिल १९२३. गालाला डास चावला, दाढी करताना तिथेच कापले, जखम चिघळली. शाप असता तर कबर शोधणारा कार्टर १९३९ पर्यंत जगता का?'

मुद्दा बिनतोड. पण मी तो पायाशी डासांची कॉइल लावून वाचत होतो. डासानं लॉर्ड मरत असेल तर सांगलीत दर पावसाळ्यात एकेक घराणं निर्वंश व्हायला हवं. (दुसऱ्या दिवशी मी दाढी केली नाही. उगाच कशाला?)

रात्री आईनं विचारलं, "काय रे एवढं वाचतोयस?" मी ममी, शाप, विष, सगळं रंगवून सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

"जमीन किती होती त्याची?"

"असेल की शेकडो एकर."

"आणि सात-बाऱ्यावर नावं कुणाकुणाची?"

"तिकडं तसं नसतं गं. सगळं थोरल्याला जातं."

"मग धाकट्यानं मारला. त्याला तीन हजार वर्षं मागं कशाला जायचं?"

चुलत्यांशी आमचा वाटणीचा दावा एकोणीस वर्षं चाललाय, त्यामुळे या विषयात आईचा शब्द मोडवत नाही. पण मास्तरांचाही मोडवेना. पान ८८ वर धाकट्या मुलाच्या नावाशी त्यांनी दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: 'हा तर मुळीच नव्हे. गुणी मुलगा.'

दीड वाजता शेवटच्या पानावर पोचलो. खुनी धाकटाच. रडत रडत कबुलीही दिली त्यानं. आणि त्या कबुलीखाली, टोक मोडेपर्यंत दाबून लिहिलेलं: 'लेखकाची चूक.'