‘रिसीट’मधला पी

आज सकाळी एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीपाशी रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या आजोबांनी पैसे भरले आणि अदबीने म्हणाले, “साहेब, रिसिप्ट द्या.” आतला तरुण शेजारच्याकडे पाहून हसला, “रिसिप्ट!” असे मोठ्याने म्हणाला आणि मगच त्याने पावती सरकवली. चूक एवढीच, की receipt या शब्दात पी लिहितात पण उच्चारत नाहीत; म्हणायचे ‘रिसीट’. आजोबांनी ती न वाचताच खिशात कोंबली आणि मान खाली घालून ते निघून गेले. तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

कारण ती खिडकी माझ्या ओळखीची आहे. अकरावीला गावाहून पुण्यात आलो, तेव्हा फी भरताना मीही हा शब्द असाच उच्चारला होता. आतल्या बाईंनी तो माझ्याच सुरात म्हणून दाखवला, मागची रांग हसली आणि मी पावती न घेताच परतलो. ती आणण्यासाठी दुसऱ्या दिवशी वडिलांना ऐन पेरणीत एस.टी.ने यावे लागले. त्यांनी मला कारणसुद्धा विचारले नाही, हे अजून मनाला लागते.

इंग्रजी उच्चार नीट यायला हवेत, मुलाखतीत ते नडतात, हे मान्य. पण चूक सांगायची असेल तर ती कानाशी सांगावी; चारचौघांत माणसाची शोभा करण्याचा अधिकार कोणी दिला?

आणि मुळात चूक कोणाची? दिसले ते अक्षर उच्चारायचे, ही सवय आपल्याला देवनागरीने लावली. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात पी नव्हता. पुढे लॅटिनचा अभिमान बाळगणाऱ्या पंडितांनी ‘रेसेप्टा’ या मुळाची खूण म्हणून तो स्पेलिंगमध्ये घातला, पण बोलणाऱ्यांच्या जिभेवर तो रुळला नाही. त्याच कुळातले ‘डिसीट’ (फसवणूक) आणि ‘कन्सीट’ (अहंकार) पीवाचूनच राहिले. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बीसुद्धा असाच मागाहून आलेला. म्हणजे आजोबांनी, जे लिहिले आहे तेच प्रामाणिकपणे वाचले होते! पुण्यातल्या खडकीचे ‘किर्की’ करणाऱ्या गोऱ्या साहेबाला आपण कधी हसलो नाही. तिथल्या युद्ध दफनभूमीच्या नावात ते ‘किर्की’ आजही आहे. हसू येते ते फक्त आपल्याच माणसाचे.

लिहिता लिहिता राग थोडा निवला आहे. त्या मुलालाही कदाचित कोणी असेच हसून शिकवले असेल. माझे नशीब की मला आमचे इंग्रजीचे सर भेटले. फीच्या खिडकीवरचा प्रकार त्यांना कळला, तेव्हा वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले, फळ्यावर तो शब्द लिहिला, पीवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “आता वाच. ‘सी’ जरा लांबव.” अर्ध्या मिनिटाचे काम होते.

आज बिल भरून बाहेर आलो तर आजोबा औषधांच्या दुकानापाशी उभे होते. मला पाहून त्यांनी हळूच विचारले, “अहो, तो मघाशी हसला, मी काय चुकीचं बोललो?” त्यांची चुरगळलेली पावती मी हातावर सपाट केली आणि त्या पीवर अंगठा ठेवला. चष्मा वर सरकवून, एकेक अक्षर लावत त्यांनी वाचले, “रिसीट.” मग आणखी एकदा म्हणून पाहिले आणि पावतीची नीट घडी घालून ती पाकिटात ठेवली.